डोंगरातलं गाव कशावर टिकतं?

श्रावण लागला की मुंबईकडून येणाऱ्या गाड्या चारोटीला महामार्ग सोडतात आणि कासा, सायवनच्या बाजूला वळतात. पाण्यानं भरलेली भातखाचरं, ढगात डोकं खुपसलेला महालक्ष्मीचा डोंगर, कुडाची घरं, दर वळणावर ओहोळाचा आवाज. असं गाव पाहिलं की इथेच राहावं, असं कुणालाही वाटून जातं. दिवाळी सरली की त्याच फाट्यांवर टेम्पो उभे राहतात. त्यांत भांडी, गोधड्या, तांदळाची गोण आणि कडेवरची पोरं चढतात. कुणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातं, कुणी शहरांतल्या बांधकामांवर. खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जाणारे तर ऑगस्टमध्येच निघालेले असतात. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर या जाण्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. पाहुण्याचा पाय जिथून निघत नाही, त्या गावातून घरधन्याला दरवर्षी का निघावं लागतं?

गरिबी हे उत्तर चटकन सुचतं, पण त्यानं काहीच उलगडत नाही. गरिबी हा परिणाम आहे, तिचं कारण अजून सांगायचं राहतंच. या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. डोंगरातल्या गावाची ओढ, मग ती पाहुण्याची असो की रहिवाशाची, दोन गोष्टींवर उभी असते: डोंगरावर पडलेलं पाणी तिथून किती सावकाश उतरतं, आणि उतरल्यावर त्याची कमाई कुणाच्या घरात जाते. हे समजून घ्यायला नॉर्वेतलं एक डोंगरी खोरंही उपयोगी पडेल, कारण तिथे निसर्गानं आणि कायद्यानं याच दोन प्रश्नांची वेगळी उत्तरं दिली आहेत.

गारवा येतो कुठून?

आधी पाहुण्याला काय आवडतं ते पाहू. डोंगरात गार वाटतं ते उंचीमुळे, असा आपला समज असतो. हवा वर चढताना पसरते आणि निवते. दर शंभर मीटर चढाला साधारण अर्ध्या ते पाऊण अंशानं तापमान उतरतं. हिमालयात हा फरक मोठा होतो. डहाणू-तलासरीचे डोंगर मात्र सह्याद्रीच्या पायथ्याचे आहेत. तीनशे-चारशे मीटरच्या उंचीनं फार तर अडीच-तीन अंशांचा फरक पडावा. अंगाला जाणवणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

उरलेला गारवा झाडं आणि ओली माती देतात. झाड मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफेच्या रूपात सोडतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती आसपासच्या हवेतूनच घेतली जाते. ऐन, साग, खैर, पळस आणि बांबूनं भरलेला उतार दिवसभर अशी उष्णता शोषत राहतो. रात्री उतारावरची हवा आधी निवते, जड होते आणि खालच्या पाड्यांकडे ओघळते. कुडाचं घरही याच व्यवस्थेचा भाग आहे. कारवीच्या काठ्यांची भिंत, तिच्यावर माती-शेणाचा गिलावा, वर उतरतं गवती छप्पर. भिंतीतून हवा थोडी खेळते, छपराच्या गवतात साठलेली हवा उन्हाची धग आत येऊ देत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि लोकांना थंडीत उघड्यावर झोपावं लागलं, तेव्हा हलक्या कुडाचं आणखी एक मोल ध्यानात आलं. विटांची भिंत अंगावर कोसळली तर जीव जातो. कारवीची भिंत मोडली तरी माणूस वाचण्याची आशा असते.

पानांना सोडायला पाणी असेल तोवरच हा गारवा टिकतो. माघ-फाल्गुनात उतार वाळतात, पानं झडतात, आणि तोच डोंगर तव्यासारखा तापतो. उंची तेवढीच राहिलेली असते, ओलावा मात्र संपलेला असतो. पाहुण्यांची वर्दळही त्याच सुमारास ओसरते.

दोन हजार मिलीमीटर जातात कुठे?

या पट्ट्यात वर्षाला सरासरी दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मराठवाड्याच्या बऱ्याच भागांत पडतो त्याच्या दुपटीहून अधिक. तरी मार्चमध्ये अनेक पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन दूरच्या झऱ्याकडे चालत असतात. याचं कारण पायाखालच्या खडकात आहे.

हे डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थर एकावर एक थिजून तो तयार झाला. ताज्या बेसॉल्टमध्ये पाणी शिरायला जागा फारच कमी, जी असते ती फक्त भेगांमध्ये. पाणी मुरतं ते त्याच्यावरच्या कुजलेल्या, भुसभुशीत थरात, म्हणजे मुरमात. पण मुरमाचीही कुवत बेताची. विहिरीला देता येईल असं पाणी त्याच्या घनफळाच्या सुमारे दोन टक्केच असतं. मुरमाचा थर दहा मीटर जाड आहे असं धरलं, आणि तो काठोकाठ भरला, तरी त्यात फक्त दोनशे मिलीमीटर पाऊस मावतो. बहुतेक उतारांवर थर याहून पातळ असतो. म्हणजे आषाढात एकदा जमीन तुडुंब झाली की पुढचा बहुतेक पाऊस वरच्यावर वाहून जातो, त्याला आत जागाच उरत नाही.

मुरलेलं पाणीही तिथे थांबत नाही. जमीन उतरती असल्यानं ते मुरमातून सरकत खालच्या ओहोळात बाहेर पडतं. म्हणून पाऊस थांबल्यावरही ओहोळ वाहतात, आणि म्हणूनच पौषापर्यंत आटतात. किती दिवस वाहतील हे उतारावर काय उभं आहे त्यावर बरंच ठरतं. पत्र्याचं छप्पर पाऊस थांबताच कोरडं होतं; गवती छपराच्या वळचणीतून पुढे बराच वेळ थेंब गळत राहतात. पालापाचोळ्याचा थर, मुळांनी पोखरलेली माती आणि बांधबंदिस्तीची खाचरं असलेला डोंगर दुसऱ्या प्रकारात मोडतो, उघडा बोडका डोंगर पहिल्या. इथे एक भूगर्भीय देणगीही आहे. थिजलेल्या थरांना छेदून उभ्या घुसलेल्या लाव्हाच्या भिंती, ज्यांना भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात, या किनारपट्टीवर पुष्कळ आहेत. अशी भिंत घट्ट असेल तर जमिनीखाली बांधासारखी आडवी येते आणि तिच्या वरच्या अंगाला विहिरीचं पाणी टिकतं. शेजारशेजारच्या दोन पाड्यांपैकी एकाची बावडी एप्रिलमध्येही भरलेली आणि दुसऱ्याची कोरडी, या दैवाचा उलगडा कधी कधी अशा भिंतीत असतो.

चौकट: उताराचा जमाखर्च

पाऊस: सुमारे २,००० मिलीमीटर, चार महिन्यांत.
मुरमात मावणारं पाणी: थर दहा मीटर असला तर सुमारे २०० मिलीमीटर, बहुतेक ठिकाणी कमी.
बाकीचं: वाफ होऊन आणि ओहोळांतून, बरंचसं पावसाळ्यातच निघून जातं.
परिणाम: भाताचं एक पीक निघतं, दुसऱ्या पिकापुरता ओलावा शेतात क्वचितच उरतो.

तीनशे मिलीमीटरवर जगणारं खोरं

आता नॉर्वेकडे वळू. त्या देशाच्या दक्षिण भागात डोंगरांच्या कुशीत स्क्योक आणि लोम ही शेजारशेजारची दोन छोटी खोरी आहेत. लोकवस्ती प्रत्येकी दोन हजारांच्या थोडी पुढे, म्हणजे डहाणूतल्या एखाद्या मध्यम गावाएवढी. लोममध्ये बाराव्या शतकातलं लाकडी चर्च उभं आहे आणि नॉर्वेतलं सर्वांत उंच शिखर, २,४६९ मीटरचं गाल्डहोपिगेन, याच हद्दीत येतं. प्रवासी तिथे जातात ते हिरवी कुरणं आणि लाकडी घरं पाहायला. बहुतेकांना ठाऊक नसतं की स्क्योकमध्ये वर्षाला जेमतेम तीनशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. समुद्राकडून येणारे ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिते होतात. आपल्या माणदेशाहूनही कमी पावसाचं हे खोरं शतकानुशतकं पिकतं आहे.

हे जमतं ते थंडीमुळे. हिवाळ्यात वरच्या डोंगरांवर पडणारं पाणी बर्फ होऊन तिथेच अडकून राहतं आणि मे-जूनपासून, नेमकं पेरणीनंतर, थोडं थोडं वितळत खाली येतं. हिमनद्या उन्हाळाभर तेच करतात. गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाट खणून, लाकडी पन्हळी टाकून ते पाणी शेतापर्यंत आणलं. तिथला डोंगर पाणी पुढच्या हंगामासाठी राखून ठेवतो, आपला डोंगर ते पडतं त्याच हंगामात सोडून देतो. पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा त्याचं वेळापत्रक गावाच्या जगण्यावर जास्त परिणाम करतं, हे या दोन ठिकाणांना शेजारी ठेवलं की ढळढळीत दिसतं.

निसर्गानं दिलेला हा लाभ एवढाच असता तर आपल्याला त्यातून शिकण्यासारखं काही नव्हतं. डहाणूत बर्फ पडणार नाही. पण बर्फ वितळत असतानाही नॉर्वेचे डोंगर एकदा ओस पडले होते. १८२५ पासूनच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं त्या लहानशा देशातून अमेरिकेला गेली, आणि त्यांत डोंगरखोऱ्यांतली कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. पाणी होतं, तरी माणसं थांबली नाहीत. म्हणजे पाणी सावकाश उतरणं आवश्यक असलं तरी तेवढ्यानं भागत नाही. दुसरा प्रश्न सुरू होतो तो इथे.

उतरलेल्या पाण्याची कमाई

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या धबधब्यांवर वीज करता येते हे कळलं आणि भांडवलदार, त्यांत पुष्कळ परदेशी, धबधबे विकत घेऊ लागले. त्या वेळी त्या देशानं जे केलं त्याचा आपण नीट अभ्यास करायला हवा. १९०६ पासून १९१७ पर्यंत एकामागून एक कायदे झाले. धबधबा घ्यायला परवाना सक्तीचा झाला. खासगी कंपनीकडचा धबधबा ठरावीक वर्षांनी मोबदल्याशिवाय सरकारजमा होईल असं ठरलं. आणि ज्या गावांच्या हद्दीतलं पाणी वापरलं जातं, तिथल्या स्थानिक पालिकेला तयार होणाऱ्या विजेतला दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा उत्पादनखर्चाच्या भावानं मिळण्याचा हक्क मिळाला. त्याखेरीज दरवर्षीचं परवानाशुल्क वेगळं. डोंगरातल्या छोट्या पालिकांच्या शाळा आणि दवाखाने आजही काही अंशी या पैशावर चालतात. स्क्योकचं जंगल तर गावाच्या सामाईक मालकीचं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावकऱ्यांनी ते विकत घेतलं, आणि आजही त्याचा कारभार गावच पाहतं. शेती विकत घेणाऱ्यानं तिथे राहिलंच पाहिजे, अशी अटही एका मर्यादेपुढच्या जमिनींना लागू होते.

आता आपल्याकडची सूर्या नदी पाहा. धामणीचं धरण डहाणूच्या पूर्वेला, शेजारच्या विक्रमगड तालुक्यात आहे. डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतांना पाणी देण्यासाठी हा प्रकल्प उभा राहिला. त्यासाठी आदिवासी कुटुंबं विस्थापित झाली. पुढे शहरं वाढली, आणि सूर्येचं पाणी वसई-विरारला जाऊ लागलं. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नवी योजना वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला मिळून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी आखलेली आहे. शहरातल्या माणसाची तहान खरी आहे आणि त्याला पाणी मिळायलाच हवं. पण डोंगरानं धरून ठेवलेल्या पाण्याच्या बदल्यात डोंगरातल्या ग्रामपंचायतीला दरवर्षी, हक्कानं, मोजून काही मिळतं का? नॉर्वेतल्या परवान्यासारखी कायमची व्यवस्था इथे उभी राहिली नाही. पाणी नळातून जातं, आणि ज्यांच्या डोंगरावर ते पडलं ती माणसं त्याच शहरांच्या कडेला बांधकामावर जातात. मन विषण्ण करणारी अशी ही गोष्ट आहे.

डोंगर राखणारे कायदे आपल्याकडे झालेच नाहीत, असं मात्र नाही. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा घातल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं आणि त्यांनी ते दोन दशकांहून अधिक काळ सांभाळलं. आज पाहुणे जी हिरवाई पाहायला येतात ती बऱ्याच अंशी या निर्बंधांमुळे उरली आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यानं छोट्या पाणवठ्यांचं नियोजन स्थानिक पंचायत व्यवस्थेकडे सोपवलं आहे, २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो, आणि आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी महाराष्ट्रात थेट पेसा ग्रामपंचायतींकडे जातो. नॉर्वेत जे झालं त्याची बीजं इथे पेरलेली आहेत, त्यांना अजून पाणी मिळायचं आहे.

तेल, पगार आणि पर्यटन

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: नॉर्वे तेलानं श्रीमंत झाला, त्याच्याशी तुलना कसली? पण उत्तर समुद्रात एकोफिस्क हे मोठं तेलक्षेत्र सापडलं ते १९६९ मध्ये. धबधब्यांचे कायदे त्याच्या अर्धशतक आधीचे, माणसं बोटी भरभरून देश सोडत होती त्या काळातले आहेत. गरीब देशानं केलेले ते कायदे आहेत. तिथल्या डोंगरातून आजही तरुण मुलं शहरात जातात, काही खोऱ्यांत रहिवाशांच्या घरांहून सुट्टीतल्या घरांचीच संख्या जास्त झाली आहे, आणि हा त्या देशाच्या काळजीचा विषय आहे. तरीही वर्षातले सहा महिने अख्खं कुटुंब उठून दुसऱ्याच्या भट्टीवर जाण्याची वेळ तिथे कुणावर येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. लोक पाण्यावाचून जात नाहीत, चांगल्या मजुरीसाठी आणि शहरी आयुष्यासाठी जातात, त्यांना डोंगरात बांधून ठेवणारे आपण कोण? कुणालाही बांधून ठेवू नये, हे खरंच. पण जाणाऱ्यांच्या वागण्यातच याचं उत्तर आहे. वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं मृगाच्या आधी परत येतात, पडलेलं छप्पर शाकारतात, राब भाजतात, नागली-वरईची रोपं टाकतात. शहराची ओढ हेच कारण असतं तर दरवर्षी हे येणं झालं नसतं. तलासरीकडून आणखी एक पुरावा मिळतो. महामार्गालगतच्या आणि गुजरातच्या सीमेजवळच्या गावांतली पुष्कळ माणसं उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत रोज जातात आणि रात्री आपल्या पाड्यावर परततात. दिवसाच्या अंतरात रोजगार मिळाला की माणूस घर सोडत नाही. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हेच शिक्षणाच्या बाबतीत ओळखलं होतं. पोर शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर आणि गुरं चरतात त्या कुरणावर न्यायची. जूनमध्ये दाखल झालेलं पोर नोव्हेंबरात आईबापांबरोबर भट्टीवर गेलं की त्यांच्या त्या कामाचा धागा दरवर्षी तुटतो.

एक उपाय सगळेच सुचवतात: पर्यटन. वारली घरात मुक्काम, तारपा, नागलीची भाकरी. जिव्या सोमा मशे यांनी गंजाडच्या कळंबीपाड्यावरून वारली चित्रकला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि पाहुणे तिथवर जाऊ लागले. यातून पैसा येतो आणि तो यायला हवा. पण पाहुणे येतात आषाढ-श्रावणात, जेव्हा घरातला प्रत्येक हात लावणीत गुंतलेला असतो. फाल्गुनात ना काम असतं ना पाहुणा. त्यातच बाहेरच्या कुणी रिसॉर्ट बांधून खोल बोअर मारली तर जी बावडी एप्रिलपर्यंत पुरत होती ती फेब्रुवारीतच आटू शकते, कारण दोघंही त्याच मोजक्या भेगांतलं पाणी ओढतात. पर्यटन पाण्याच्या पाठीमागून यावं, पाण्याच्या आधी येऊ नये. पाड्यालगत पौषातही ओलावा राहिला तर हिवाळ्यातल्या पाहुण्यालाही तिथे जावंसं वाटेल, आणि त्याला वाढायला शेतातला ताजा वाल असेल.

आश्विनातलं काम

बर्फाचं काम इथे बांधांना करावं लागेल. मोठ्या धरणाची त्यासाठी गरज नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून ओहोळावर घातलेला वनराई बंधारा कंबरभर उंचीचा असतो, पण तो वरच्या अंगाला पाणी तुंबवतो, ते काठाच्या मुरमात शिरतं आणि ओहोळ काही आठवडे जास्त वाहतो. भात कापल्यावर त्याच खाचरात वाल, हरभरा किंवा भाजी घ्यायला अनेकदा एक-दोन पाण्यांचाच फरक पडतो. शेजारच्या जव्हार-विक्रमगडमध्ये मोगऱ्याच्या आणि आंबा-काजूच्या वाड्यांनी कितीतरी कुटुंबांना हिवाळ्यात घरी ठेवलं आहे, तेही थोड्या पण हमखास पाण्यावर.

अडचण वेळेची आहे. सप्टेंबरात बंधारा घातला तर परतीचा पाऊस तो फोडून नेतो. नोव्हेंबरच्या अखेरीस घातला तर अडवायला धार उरलेली नसते आणि घालायला माणसंही. मधले तीन-चार आठवडे मोलाचे, आणि नेमकी तेव्हाच भाताची कापणी असते. त्या दिवसांत कुणी फुकट श्रमदान करावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ मध्येच केला होता, तो अशाच कामांसाठी होता. आश्विनात पाड्यावर हे काम निघालं आणि त्याची मजुरी दिवाळीच्या बाजाराआधी हातात पडली, तर भट्टीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची की नाही, हे ठरवायला कुटुंबाला पहिल्यांदाच उसंत मिळेल. उचल एकदा घेतली की पुढचे सहा महिने विकले गेलेले असतात, मग ओहोळाला पाणी असो वा नसो.